यादी, हजेरी आणि दाद: हुकूमशाहीत अल्पसंख्याकांचं नेमकं काय होतं

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘सोव्हिएत रशिया, चीन, म्यानमार, इराण, सगळ्यांच्या राज्यघटनेत समता लिहिलेली आहे. तरीही तिथल्या अल्पसंख्याकांची अशी दशा का झाली? बिघाड सुरू कुठून होतो, तो ओळखायचा कशावरून आणि कोल्हापुरात बसून हे शिकायचं तरी कशासाठी?’

मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. भटक्या-विमुक्तांची प्रकरणं पहिल्यापासून माझ्याकडे येत राहिली, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. तुमच्या प्राध्यापकांनी घटनेच्या कलमांपासून सुरुवात केली असेल. मी पोलीस ठाण्याच्या रजिस्टरपासून करतो. माझ्या पाहण्यात आणि वाचनात बिघाड तिथूनच सुरू झालेला आहे: माणसाने काय केलं हे न बघता तो कुणाच्या पोटी जन्मला ते बघून त्याचं नाव यादीत चढतं, मग हजेरी लागते, मग गाव सोडायला परवाना लागतो. आणि या सगळ्यावर दाद मागायची जागा बंद केलेली असते. कत्तल, छावण्या, हद्दपारी या गोष्टी जगाला दिसतात तोपर्यंत यादी जुनी झालेली असते.

आधी आपल्या दारातलंच उदाहरण घेतो. गांधीनगरला कापड खरेदीला कोल्हापुरातलं प्रत्येक घर कधी ना कधी गेलेलं आहे. त्या वस्तीची जागा १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे कॅम्प होती. सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, तिथल्या बराकींत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली. महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं. हे बहुतेकांना माहीत असतं. ते इथे आले कशामुळे, हे विचारलं तर लोक ‘दुसऱ्या महायुद्धामुळे’ एवढंच सांगतात आणि हिटलरचं नाव घेतात. पण वळिवड्यात आलेले बहुतेक लोक स्टालिनच्या राज्यातून सुटून आलेले होते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी लाल सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरलं. २९ नोव्हेंबरच्या हुकमाने तिथल्या रहिवाशांवर सोव्हिएत नागरिकत्व लादलं गेलं. मग याद्या झाल्या: पूर्वी सैन्यात असून तिकडे जमिनी मिळालेले वसाहतकरी, जंगलखात्याचे नोकर, अटक झालेल्यांची कुटुंबं, पश्चिमेकडून पळून आलेले निर्वासित. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली फेरी निघाली. दारावर थाप, हाताशी येईल ते बांधायला थोडा वेळ आणि मालगाडीचे डबे. डब्यात एक लोखंडी शेगडी, जमिनीला शौचासाठी पाडलेलं भोक आणि बाहेर शून्याच्या खाली तीस-चाळीस अंशांची थंडी. एप्रिल, जून आणि पुढच्या वर्षीचा जून अशा आणखी तीन फेऱ्या झाल्या. कुणावर खटला चालला नाही, कारण आरोपच नव्हता. घरातल्या कर्त्या माणसाचा वर्ग ठरला की आजी आणि तान्हं मूलही त्याच वर्गात जायचं. १९४१ च्या जुलैत पोलिश सरकारशी करार झाल्यावर काहींची सुटका झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती माणसं इराणात आली आणि तिथून काही इथे.

आता तुमच्या प्रश्नातल्या घटनेकडे या. सोव्हिएत संघाची घटना ५ डिसेंबर १९३६ ची. तिच्या १२३ व्या कलमात वंश आणि राष्ट्रीयत्व न पाहता सर्व नागरिकांना समान हक्क दिलेले आहेत. त्यानंतर आठ महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९३७ रोजी, गुप्त पोलिसांचा ००४८५ क्रमांकाचा आदेश निघाला. तो सोव्हिएत संघातल्या पोलिश लोकांविरुद्ध होता. पकडलेल्यांची माहिती चार-दोन ओळींत लिहून त्या कागदांचे गठ्ठे अल्बमसारखे बांधत आणि मॉस्कोला पाठवत. तिथे दोन अधिकारी सह्या करत. आरोपी समोर नाही, वकील नाही, अपील नाही. त्या एका मोहिमेत १,११,०९१ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हा आकडा त्याच पोलिसांच्या दप्तरातला आहे.

विद्यार्थ्यांना मी आणखी एक कागद आवर्जून दाखवतो. हद्दपार करून वसवलेल्या लोकांच्या कायदेशीर स्थितीबद्दल ८ जानेवारी १९४५ चा सोव्हिएत ठराव आहे. त्याचं पहिलंच वाक्य सांगतं की या लोकांना सोव्हिएत नागरिकांचे सर्व हक्क आहेत, या ठरावात घातलेल्या मर्यादा वगळून. मग मर्यादा येतात: कमांडंटच्या परवानगीशिवाय वस्तीचा परिसर सोडायचा नाही, घरात जन्म, मृत्यू किंवा पलायन झालं तर कुटुंबप्रमुखाने तीन दिवसांत कळवायचं. २६ नोव्हेंबर १९४८ च्या हुकमाने ही हद्दपारी कायमची झाली आणि पळणाऱ्याला २० वर्षं सक्तमजुरी ठेवली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि सोव्हिएत संघ तटस्थ राहिला. तेव्हा चेचेन, इंगुश, क्रिमियन तातार, व्होल्गाकाठचे जर्मन असे लोकच्या लोक हद्दपार होऊन त्या वस्त्यांत अडकलेले होते.

घटनेत लिहिलेलं खोडायची अशा राज्याला गरज पडत नाही. कलम तसंच ठेवून खालच्या दर्जाच्या एका कागदाने माणूस त्यातून वगळता येतो. म्हणून एखाद्या देशात अल्पसंख्याकांची स्थिती काय हे बघायचं असेल तर घटना शेवटी उघडा. आधी नियम, परिपत्रकं, नोंदणीचे फॉर्म आणि पोलिसांची स्थायी आदेशांची पुस्तिका बघा.

ही हजेरी आपल्याला परकी नाही, म्हणूनच कोल्हापुरात हे शिकायला अर्थ आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने अधिसूचना काढली की पूर्ण जमात जन्मतः गुन्हेगार. त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न करायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करण्यात आला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी आणि पुढे तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी त्या समाजांत अजून सांगितल्या जातात. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या कॅम्पवर आसरा आणि काम दिलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असं सरकारी रीत सांगत होती, त्यांनाच स्वतःच्या जवळ ठेवून घेणारा हा राजा होता. आरक्षणाचा १९०२ चा जाहीरनामा सगळ्यांना ठाऊक असतो, पण हजेरी उठवणं हे मला त्याच्या बरोबरीचं काम वाटतं. ज्याला दिवसाआड चावडीवर तोंड दाखवायचं आहे, तो शाळेत कधी जाणार आणि परगावी कामाला कसा जाणार?

इथे तुम्ही विचाराल की शाहू महाराज तरी कुठे निवडून आले होते? प्रश्न बरोबर आहे. एकहाती सत्ता चांगल्या माणसाच्या हातात असेल तर ती भलं करू शकते, हे कोल्हापूरने बघितलं आहे. पण एकाच्या हुकमाने उठलेली हजेरी दुसऱ्याच्या हुकमाने परत लागू शकते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुण बाबासाहेबांना पुढे आणलं, त्यांनी पुढची पंचवीस-तीस वर्षं हक्क कुणाच्या मर्जीवर राहू नयेत यासाठीच खर्च केली. कलम ३२ ला ते घटनेचा आत्मा म्हणाले, ते याच कारणाने. त्यात थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागायचा हक्क आहे.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. सवय मात्र गेली नाही. माझ्याकडच्या एका प्रकरणात गावात घरफोडी झाली आणि पहाटे जीप थेट पारध्यांच्या वस्तीवर आली. एका तरुणाला उचललं. पंचनाम्यात त्याच्याकडे सापडलेली वस्तू म्हणजे त्याच्या आईची पितळी घागर होती. उलटतपासणीत मी तपासी अंमलदारांना विचारलं की संशय कशावरून आला? त्यांनी जराही न अडखळता सांगितलं, “साहेब, तो पारधी आहे.” न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं. तो सुटला. पण तोवर त्याची ऊसतोडीची उचल बुडाली होती, आणि पुढच्या चोरीला जीप परत त्याच वस्तीवर गेली. चॅप्टर केस, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच चांगल्या वागणुकीची हमी लिहून घ्यायची कारवाई, लावायची म्हटलं की आजही पहिली नावं ठरलेल्या वस्त्यांतूनच निघतात. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीभेद रद्द करावा लागला. विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मावरून सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती.

मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? यादीची सवय इथेही आहे, हे मी लपवणार नाही. फरक एवढाच की मला तो प्रश्न विचारता आला, तो लिहून घेतला गेला आणि त्या वाक्यावर माणूस सुटला. चीनमधल्या उइगुर मुस्लिमांच्या शिनजियांग प्रांतात तो प्रश्न विचारणारा वकीलच उभा राहू शकत नाही. फरक लहान वाटेल, पण माणसाचा जीव त्यावर टिकतो. आणि तो आपोआप टिकत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात येता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली. दार बंद होऊ शकतं हे आपण अनुभवलं आहे.

आता इतर देश. इराणबद्दल थोडक्यात: घटनेच्या १३ व्या कलमाने जरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती एवढेच धार्मिक अल्पसंख्याक मानले. बहाई तिथला सर्वांत मोठा बिगर-मुस्लिम समाज, पण तो त्या यादीतच नाही. १९९१ च्या सरकारी टिपणात विद्यार्थी बहाई असल्याचं कळताच त्याला विद्यापीठातून काढावं असं लिहिलेलं आहे. यादीत घालून छळता येतं तसं यादीतून गाळूनही छळता येतं.

म्यानमारने हेच नागरिकत्वाच्या बाबतीत केलं. पोलिश लोकांवर नागरिकत्व लादलं गेलं होतं, रोहिंग्यांचं काढून घेतलं गेलं. १९८२ च्या कायद्याने १८२३ पूर्वीपासून देशात असलेल्या समूहांना जन्मसिद्ध नागरिक मानलं. सरकारमान्य १३५ वंशांच्या यादीत रोहिंग्या नाहीत. मग दुसऱ्या गावी जायला परवाना, लग्नाला परवाना, ठराविक तालुक्यांत दोनच मुलांची अट, दरवर्षी घरोघर मोजणी आणि कुटुंबाचे फोटो. २०१४ च्या जनगणनेत ‘रोहिंग्या’ असं लिहून घ्यायला नकार दिला गेला. २०१५ मध्ये त्यांची तात्पुरती ओळखपत्रंही रद्द झाली. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या मोहिमेत गावं जाळली गेली आणि ७ लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. या सगळ्याला ३५ वर्षं लागली. प्रत्येक टप्प्यावर एक फॉर्म होता आणि तो भरून घेणारा एक कारकून होता.

शिनजियांगमध्ये यादी संगणकावर आली. तिथे चौक्या, कॅमेरे, फोन तपासणी आणि शेजाऱ्यांकडून आलेली माहिती एकत्र करून माणूस संशयास्पद ठरवला जातो. २०१७ च्या प्रादेशिक नियमांत ‘असाधारण’ दाढी आणि बुरखा ही अतिरेकीपणाची लक्षणं म्हणून लिहिली आहेत. २०२० मध्ये करकाश तालुक्याची एक यादी बाहेर फुटली. तिच्यात लोकांना का डांबलं याची कारणं नोंदलेली होती: दाढी ठेवली, बायको बुरखा घेत होती, पासपोर्टसाठी अर्ज केला, मुलं जास्त झाली. चिनी सरकार या छावण्यांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्र म्हणतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात तिथल्या प्रकारांना मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतील असं म्हटलं.

सुरक्षेचा मुद्दा टाळून पुढे जाऊ नका. तुमच्या मौखिक परीक्षेत तो येईल आणि येणं योग्यच आहे. २०१४ च्या मार्चमध्ये कुनमिंग रेल्वे स्थानकावर सुऱ्यांनी हल्ला झाला आणि ३१ प्रवासी मारले गेले. २५ ऑगस्ट २०१७ ला रोहिंग्या बंडखोरांनी पोलीस चौक्यांवर हल्ले केले होते. हे खरं आहे, आणि मारल्या गेलेल्यांचा जीवही तेवढाच मोलाचा. सरकारने हल्लेखोर पकडावेत, पुरावा आणावा, शिक्षा करावी. कुणाचाही त्याला विरोध नाही. अन्याय सुरू होतो तो हल्लेखोराच्या गावावर, भाषेवर, दाढीवर आणि आईवर हात टाकला तेव्हा. कोणतीही सुरक्षा मोहीम तपासताना मी एवढंच बघतो: यातून निर्दोष माणसाला बाहेर यायचा रस्ता आहे का, आणि तो दाखवणारा अधिकारी पकडणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर बाकी कागद कितीही नीटनेटके असोत, ती हजेरीच आहे.

शेजाऱ्यांबद्दल पुस्तकांत कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं लिहितो. क्रिमियातून १८ मे १९४४ पासून तीन दिवसांत जवळपास १ लाख ९० हजार तातार हलवले गेले. त्यांच्या घरांत दुसरी माणसं वसवली गेली, गावांची तातार नावं बदलली. १९५९ च्या सोव्हिएत जनगणनेत क्रिमियन तातार अशी वेगळी नोंदही उरली नव्हती. ज्याला ते घर मिळालं तो क्रूर असेलच असं नाही. त्यालाही घर हवं होतं. पण एकदा घर मिळालं की जुन्या मालकाने परत येऊ नये असं त्यालाही वाटू लागतं. बहुसंख्याकांना त्या अन्यायात वाटेकरी करून घेणं ही या राज्यांची जुनी रीत आहे.

आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडून काय होतं? लगेच फारसं काही होत नाही, हे आधी मान्य करा. शिनजियांगच्या अहवालावर नुसती चर्चा करावी असा प्रस्ताव ६ ऑक्टोबर २०२२ ला मानवी हक्क परिषदेत आला आणि १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. ११ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान आणि इंडोनेशिया होते. धर्मबंधुत्वापेक्षा व्यापार आणि कर्ज वरचढ ठरलं. मला आपली तटस्थताही पटलेली नाही. ज्या कोल्हापूरच्या मातीत वळिवड्याच्या माणसांना आसरा मिळाला, तिथल्या माणसाला ती बोचली पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्याशा देशाने वंशसंहार कराराखाली म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. गांबियाचं त्यात थेट काहीच नुकसान झालेलं नव्हतं. न्यायालयाने तो दाखल करून घेतला आणि २३ जानेवारी २०२० ला रोहिंग्यांच्या संरक्षणाचे आणि पुरावे जपण्याचे अंतरिम आदेश दिले. दावा उभा राहिला तो छावण्यांत बसून तारीख, गाव, नाव लिहून घेणाऱ्या माणसांमुळे. सोव्हिएत संसदेने त्या सामूहिक हद्दपाऱ्या बेकायदा होत्या असं १४ नोव्हेंबर १९८९ ला जाहीर केलं. इतकी वर्षं कुणी कागद जपले नसते तर ते झालं नसतं.

तुम्ही स्वतः काय करावं? वकील होणार असाल तर अटकेच्या प्रकरणात सुरुवातीलाच बघायची गोष्ट म्हणजे कारणं सांगितली का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७ त्यासाठी आहे, आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्यासाठी कलम ५८. चॅप्टर केसची नोटीस आली तर तिच्यात कृत्य लिहिलंय की नुसती जमात, हे वाचा. निर्वासिताचं प्रकरण आलं तर १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही म्हणून हात वर करू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात कलम २१ चं संरक्षण परकीय माणसालाही आहे हे स्पष्ट केलेलं आहे.

आणि शोधनिबंधासाठी ‘हुकूमशाही आणि अल्पसंख्याक’ हा विषय घेऊ नका, तो तुम्हाला पेलणार नाही. दोन कागद घ्या: १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि ८ जानेवारी १९४५ चा सोव्हिएत ठराव. नाव कोण चढवतं, हजेरी कुणापुढे, गाव सोडायला परवानगी कुणाची, नाव खोडायचा अर्ज कुणाकडे, एवढे चार रकाने आखून दोन्ही शेजारी शेजारी मांडा. शाहूकालीन हुकूम कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. बरेचसे मोडीत आहेत, तेव्हा सुट्टीत मोडी शिकून घ्या. चौथा रकाना भरताना अडलात तर न्यायालय सुटल्यावर माझ्याकडे या, माझ्याजवळची काही जुनी दोषारोपपत्रं नावं झाकून दाखवतो.